किरायाच्या खोलीपासून नाटकाच्या प्रयोगापर्यंत : नागपूरच्या दैनिकात छोटी जाहिरात कशी द्यावी

बर्डीवरच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीतल्या, एका जाहिरात काउंटरवर मी बावीस वर्षं बसलो. समोर लाकडी फळी, तिला दोरीने बांधलेला पेन, बाजूला दरपत्रक आणि कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा. फॉर्मवर प्रत्येक शब्दासाठी एक चौकट असायची आणि त्या चौकटी पाहिल्या की भलीभली माणसं थबकायची. घराबद्दल पाच मिनिटं सहज बोलणारे काका पेन हातात आल्यावर म्हणायचे, "भाऊ, तुम्हीच लिहा ना, मला काही सुचून नाही राहिलं."

मग मी फॉर्म बाजूला सारायचो आणि एकच विचारायचो : ही जाहिरात वाचून ज्याचा फोन येईल, तो पहिल्यांदा काय विचारेल? काका म्हणायचे, "पाणी आहे का म्हणेल. किराया किती म्हणेल." झालं, मजकूर तिथेच तयार व्हायचा. खोली किरायाने द्यायची असो, आडनाव बदलायचं असो की हौशी मंडळींच्या नाटकाला प्रेक्षक हवे असोत, रीत हीच. समोरच्याचा पहिला प्रश्न ओळखायचा आणि त्याचं उत्तर छापायचं. आता मोबाइलवर फुकट जाहिराती टाकता येतात, तरी दैनिकातल्या त्या बारीक अक्षरांच्या पानाची गरज अजून आहे. घर बघायला येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या जोडप्यांच्या हातात आजही पेनाने गोल केलेलं कात्रणच असतं. शिवाय काही सूचना तर वर्तमानपत्रातच द्याव्या लागतात.

आधी दैनिक ठरवा, मग आवृत्ती

बहुतेक जण आपल्या घरी येणारा पेपर निवडतात. चूक इथेच होते. आपल्याला हवा असलेला माणूस कोणता पेपर वाचतो, ते बघायचं. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथे मराठी आणि हिंदी दोन्हींचा वाचक पिढ्यान्‌पिढ्या आहे. इतवारीतल्या व्यापाऱ्याला दुकानासाठी मुनीम किंवा हमाल हवा असेल तर हिंदी दैनिक चालतं. महाल, मानेवाडा, नंदनवन, प्रतापनगर या भागांत किरायेदार शोधायचा असेल तर मराठी. कॉन्व्हेंटसाठी शिक्षिका किंवा कंपनीसाठी अकाउंटंट हवा असेल तर 'हितवाद'सारखं इंग्रजी दैनिकही बघावं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेलं हे पत्र शिकलेल्या घरांमध्ये अजून वाचलं जातं. 'लोकमत' १९७१ पासून नागपुरातून दैनिक म्हणून निघतो आहे. 'तरुण भारत' आहे आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या दैनिकांच्या नागपूर आवृत्त्याही आहेत.

पैसे भरण्याआधी एक काम करा. ज्या वस्तीत तुमचं काम आहे तिथल्या वाचनालयात किंवा चहाच्या टपरीवर लागोपाठ दोन रविवार जाऊन बसा आणि सगळ्या पेपरांची छोट्या जाहिरातींची पानं बघा. तुमच्यासारख्या जाहिराती ज्या पेपरात जास्त, तिथेच तुमचा वाचकही जातो. सगळ्या किरायाच्या जाहिराती एका पेपरात असताना स्वस्त मिळते म्हणून दुसऱ्यात दिलेली जाहिरात एकटी पडते.

आवृत्ती न चुकता विचारा. "फक्त नागपूर शहर, की जिल्हा, की अख्खा विदर्भ?" प्रत्येकाचा दर वेगळा असतो. मानेवाड्यातल्या दोन खोल्यांसाठी बुलढाण्यापर्यंत छापलेल्या शब्दांचे पैसे देण्यात काही अर्थ नाही. उलट हिंगण्याजवळ शेत विकायचं असेल तर वर्धा, भंडाऱ्याचा ग्राहकही येऊ शकतो, तिथे मोठी आवृत्ती घ्यावी.

रनिंग की चौकट

छोट्या जाहिराती मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली 'रनिंग', म्हणजे ओळीमागून ओळ चालणारा साधा मजकूर. तिचे पैसे शब्दांवर किंवा ओळींवर लागतात आणि बहुधा किमान शब्दसंख्या ठरलेली असते. किमान पंधरा शब्दांचे पैसे लागणार असतील आणि तुमचा मजकूर अकरा शब्दांत बसत असेल, तर उरलेले चार शब्द फुकट आहेत, ते वापरा. मोबाइल नंबर एक शब्द धरतात की दोन, तेही विचारून घ्या.

दुसरी चौकटीतली, डिस्प्ले. तिचे पैसे चौरस सेंटिमीटरवर. समजा दर १५० रुपये चौरस सेंटिमीटर आहे आणि तुमची चौकट ४ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर उंच आहे. ४ गुणिले ५ म्हणजे २०, त्याचे ३,००० रुपये. छापील माध्यमातल्या जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १५० रुपये वर. एकूण ३,१५०. दर माझ्या मनाचा आहे, हिशेबाची पद्धत खरी आहे. कॉलमची रुंदी दैनिकागणिक वेगळी असते, म्हणून आजचा अंक घ्या, पट्टी लावा आणि मोजा. काउंटरवर "एक कॉलम बाय पाच" म्हणतात, त्यातल्या एका कॉलमचे नेमके सेंटिमीटर किती हे माहीत असलेला ग्राहक हजारांत एखादाच यायचा. तुम्ही तो व्हा.

रंगीत चौकट, पहिल्या पानाची जागा, मजकुराभोवती जाड रेघ या सगळ्याचे जादा पैसे असतात. खोली, सायकल, शिलाई मशीन, घरकामाला बाई, यांना रनिंग पुरेशी. प्लॉट, शिकवणी वर्ग, नाटकाचा प्रयोग यांना लहानशी चौकट घ्यावी.

एजन्सीतून दिली तर महाग पडेल, अशी अनेकांची समजूत असते. मान्यताप्राप्त एजन्सीला कमिशन दैनिकाकडून मिळतं, साधारण १५ टक्क्यांची जुनी प्रथा आहे. तुमच्याकडून छापील दरपत्रकापेक्षा जास्त घ्यायचं कारण नाही. दरपत्रक दाखवा म्हणा. दाखवायला कुणी का-कू केली तर दुसरा काउंटर गाठा. पावतीवर दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारखा, आकार आणि जीएसटी क्रमांक हवाच.

रविवारी वाचक सर्वांत जास्त, पण रविवारची मुदत आठवड्यात लवकर संपते. शनिवारी दुपारी धावत येणाऱ्यांना मला किती वेळा "आता पुढच्या रविवारी" म्हणावं लागलं, त्याची गणती नाही. सोमवारीच मुदत विचारून ठेवा.

मजकूर : इथे वेळ द्या

एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आणलेला मजकूर मला अजून पाठ आहे : "आमच्या मानेवाडा येथील स्वतःच्या राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर अतिशय हवेशीर, प्रशस्त व सर्व सोयींनी युक्त असे दोन खोल्यांचे घर चांगल्या कुटुंबाला किरायाने देणे आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा." मोबाइल नंबर धरून २८ शब्द. मराठी निर्दोष होतं, पण पाणी, किराया, मीटर, संडास यांतलं एकही उत्तर त्यात नव्हतं.

आम्ही दोघांनी बसून ते असं केलं : "मानेवाडा, ओंकारनगर चौकाजवळ. वरचा मजला, दोन खोल्या, किचन, स्वतंत्र संडास-बाथरूम. नळ, बोअर. वेगळं मीटर. किराया ७०००, डिपॉझिट १५०००. फोन संध्याकाळी सहानंतर." नंबर धरून २२ शब्द. पैसे कमी लागले. नंतर बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, यावेळी फोन कमी आले, पण जे आले ते घर बघायलाच आले." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

या मजकुरात काय झालं ते नीट बघा. पहिला शब्द वस्तीचं नाव. घर शोधणारा माणूस बोट फिरवत वस्तीचं नाव शोधतो, म्हणून ते सुरुवातीला. मग चौक. नागपूरकर पत्ता चौकाने सांगतो. छत्रपती चौक, रविनगर चौक, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रस्ता उभा राहतो, प्लॉट नंबर ८२-बी म्हणून राहत नाही. त्यानंतर पाणी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा 'नळ, बोअर' हे दोन शब्द 'हवेशीर, प्रशस्त'पेक्षा कितीतरी मोलाचे. कूलर ठेवायला खिडकीबाहेर जागा असेल तर तेही लिहा, उन्हाळ्याच्या तोंडावर घर शोधणारा ते नक्की विचारतो. आणि किराया. आकडा लिहायला लोक घाबरतात, बोलण्यात वाढवून मिळेल असं वाटतं. आकडा नसेल तर निम्मे फोन फक्त आकडा विचारायला येतात आणि तुमची संध्याकाळ त्यातच जाते.

"चांगल्या कुटुंबाला" हे शब्द मी नेहमी काढायला सांगायचो. त्यांच्याआड बऱ्याचदा जातीची, धर्माची अट लपलेली असते. कधी कधी ती उघडही लिहून आणायचे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली, त्या शहरात किरायाच्या खोलीसाठी जात विचारली जावी याचा मला मनापासून त्रास होतो. किराया वेळेवर देणारा, घर नीट ठेवणारा माणूस हवा असेल तर आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागा. करार लेखी करून नोंदवा, महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारकच आहे, आणि पोलिसांकडे किरायेदाराची माहिती द्या. माणूस पारखण्याचे हे खरे मार्ग आहेत.

प्लॉटच्या जाहिरातीत नागपूरच्या माणसाला एक गोष्ट सगळ्यांत आधी हवी असते : कागद काय आहेत? 'नासुप्र आर.एल.' (नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर), 'एनए-टीपी' (अकृषक आणि नगररचना विभागाची मंजुरी), 'मनपा टॅक्स चालू', यांतलं जे खरं असेल ते लिहा. इथे गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या, ले-आउटांचा इतिहास मोठा आहे. अशा ले-आउटांच्या याद्या ५७२ आणि १९०० या आकड्यांनीच ओळखल्या जातात, ते उच्चारले की जुन्या नागपूरकराला ले-आउटच आठवतात. त्यामुळे कागदाचा उल्लेख नसलेली प्लॉटची जाहिरात वाचक सरळ ओलांडून जातो. बिल्डरसाठी तर नियमच आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापावाच लागतो. तुम्ही घेणारे असाल तर क्रमांक नसलेल्या चौकटीवर फोन करण्याआधी थांबा.

वधू-वर जाहिरातीचं थोडक्यात सांगतो. वय, उंची, शिक्षण, नोकरीचं गाव आणि अपेक्षा एका ओळीत. घरचा पत्ता देऊ नका. लग्नाच्या बदल्यात पैसा, प्लॉट, धंद्यात हिस्सा असं काही सुचवणारा मजकूर हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या ४-अ कलमाखाली गुन्हा आहे, आणि तो फक्त देणाऱ्याचा नाही, छापणाऱ्याचाही आहे. "लग्न थाटात करून देऊ" हे वाक्य मी न घेता परत केलं आहे.

कायद्याच्या कामाच्या सूचना

इथे समोर घाईतला वाचक नसतो, समोर उद्याचा एखादा अधिकारी किंवा न्यायालय असतं. म्हणून भाषा आटोपशीर करायचा मोह इथे टाळायचा.

नाव-आडनाव बदलताना जुनं नाव कागदावर जसं आहे तसंच्या तसं, काना-मात्रेसकट. 'चंद्रशेखर' कागदावर 'चन्द्रशेखर' असेल तर जाहिरातीतही 'चन्द्रशेखर'च. इंग्रजी कागदासाठी बदल असेल तर इंग्रजी स्पेलिंग कागदावरून उतरवा, आठवणीवरून लिहू नका. प्रतिज्ञापत्राचा क्रमांक आणि तारीख टाका. आणि एक गैरसमज दूर करतो : दैनिकातली जाहिरात राजपत्राची (गॅझेटची) जागा घेत नाही. शासकीय राजपत्रातल्या नोंदीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ज्या कार्यालयासाठी बदल करताय, तिथे आधी जाऊन विचारा : जाहिरात पुरेल की राजपत्र हवं, एक दैनिक की दोन, मराठी की इंग्रजी. त्यांनी जे सांगितलं ते कागदावर लिहून घेऊन मगच काउंटरवर या.

मालमत्ता खरेदीआधी कुणाची हरकत आहे का हे विचारणाऱ्या जाहीर नोटिशीचा मसुदा वकिलाकडून घ्यावा. पण टाइप झाल्यावर तपासायचं काम तुमचं. मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), ख.क्र. (खसरा क्रमांक), प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा हे सातबाराशी किंवा आखीव पत्रिकेशी बोटाने जुळवून बघा. ख.क्र. ४७/२ चा ४७/३ झाला की नोटीस दुसऱ्याच्याच जमिनीची होते आणि हरकतीचे सगळे दिवस वाया जातात. माझ्यासमोर असं एकदा घडलं. प्रूफवर, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेल्या नमुन्यावर, ग्राहकाने न वाचता सही केली होती. पुन्हा पूर्ण पैसे भरून नोटीस द्यावी लागली आणि सौदा महिनाभर लांबला.

प्रूफ वाचण्याची माझी पद्धत सांगतो. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर पेनाचं टोक ठेवायचं. आकडे एकेक सुटे म्हणायचे, 'चार, सात, भागिले, दोन'. मोबाइल नंबर तर प्रूफवर बघून स्वतःच्या फोनवरून लावूनच बघायचा. तो वाजला तरच सही.

कागद हरवल्याची सूचना देण्याआधी पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करा आणि तिचा क्रमांक जाहिरातीत टाका. छापून आल्या दिवशी किमान चार अंक विकत घ्या. कात्रण कापू नका, दैनिकाचं नाव आणि तारीख दिसेल असं अख्खं पान ठेवा. दोन महिन्यांनी त्या दिवसाचा अंक शोधत फिरणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

निधनवार्ता

ही जाहिरात द्यायला येणारा माणूस थकलेला असतो, त्याला प्रश्न विचारणंही जड जातं. म्हणून घरातल्या कुणा धीराच्या माणसाने आधीच चार गोष्टी लिहून ठेवाव्या : पूर्ण नाव आणि ज्या नावाने वस्ती ओळखते ते नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता कुठून निघेल, आणि घाट कोणता. मोक्षधाम, अंबाझरी, मानेवाडा, गंगाबाई, सहकारनगर, घाट इतके आहेत की नाव नसेल तर लोक चुकीच्या ठिकाणी जाऊन उभे राहतात. 'गुरुजी', 'कंपाउंडर काका' अशी ओळखीची हाक कंसात जरूर द्या. अनेक शेजाऱ्यांना खरं नाव माहीतच नसतं. तेरवीची जाहिरात वेगळी द्यायची असेल तर तीही त्याच वेळी सांगून ठेवा, पुन्हा यावं लागत नाही.

आता कार्यक्रम : नाटक, गाणं, कविसंमेलन, ऑर्केस्ट्रा

हौशी मंडळी काउंटरवर यायची आणि म्हणायची, "आमचा कार्यक्रम पेपरात टाकायचा आहे." यात दोन वेगळी दारं आहेत. 'आजचे कार्यक्रम' सारखं जे सदर असतं ते संपादकीय विभागाचं, त्याला पैसे लागत नाहीत. जाहिरात विभाग वेगळा. दोन्हीकडे एकच कागद दिला की दोन्हीकडचं काम बिघडतं.

सदरासाठी संस्थेच्या लेटरहेडवर सहा-सात ओळी पुरतात : काय, कुणाचं, वार आणि तारीख दोन्ही, वेळ, सभागृह आणि वस्ती, प्रवेश मोफत की तिकीट, संपर्क. वार लिहिल्याने तारखेची चूक लगेच पकडली जाते. तीन-चार दिवस आधी पोचवा आणि आदल्या दिवशी दुपारी एक नम्र फोन करा. संध्याकाळी करू नका, तेव्हा डेस्कवर पान लावायची घाई असते. "सुप्रसिद्ध", "ज्यांचे नाव घेताच" अशी विशेषणं उपसंपादक कापणारच, त्यांच्यासोबत कधी तुमची वेळही कापली जाते. फोटो द्यायचा असेल तर एकच द्या आणि त्यातल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून द्या.

सभागृहाचं नाव अर्धवट लिहू नका. 'देशपांडे सभागृह' म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह हे तुम्हाला माहीत आहे, नुकत्याच बदलून आलेल्या बँकेतल्या कर्मचाऱ्याला नाही. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह, लक्ष्मीनगरातलं सायंटिफिक सोसायटी सभागृह, शंकरनगरातलं साई सभागृह, प्रत्येकापुढे वस्ती हवी. साई सभागृहाला शंकरनगर चौक मेट्रो स्टेशन जवळ आहे, असेल तिथे स्टेशन लिहा. रात्री एकट्या परतणाऱ्या ताई-काकूंसाठी ती एक ओळ निर्णायक ठरते.

तारीख ठरवताना शहराचं कॅलेंडर समोर घ्या. तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीने महाल-इतवारी भरून जाते. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात देशभरातून माणूस आलेला असतो. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते वळवलेले असतात. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की वर्धा रोडवरून येणाऱ्या प्रेक्षकाची आशा सोडा. हिवाळ्यात हनुमाननगरच्या ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर मोठे सांस्कृतिक महोत्सव असतात, तिथे नामवंत कलाकार आणि तुमच्याकडे तिकीट लावलेला हौशी प्रयोग, अशी गाठ पडू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आधीची वेळ ठेवली तर लोक घराबाहेरच पडत नाहीत.

जाहिरात छापण्याआधी सभागृहाची पावती, नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि उघड्या मैदानावर असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी हाती असू द्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, शासनाने खास सूट दिलेले मोजके दिवस सोडून. म्हणून मैदानावरचा कार्यक्रम नऊला सुरू होईल असं छापणं म्हणजे प्रेक्षकाला तासाभराचं तिकीट विकणं. नाटक, संगीत अशा कार्यक्रमांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, हेही हिशेबात धरा.

तिकिटाच्या चौकटीत नाटकाचं नाव सर्वांत मोठं, लगेच खाली तारीख-वार-वेळ, मग सभागृह, दर आणि तिकिटं कुठे मिळतील ती दोन-तीन ठिकाणं वेळेसह. निर्मात्यांची, आभारांची, प्रमुख पाहुण्यांची नावं गाळा. संस्थेतले लोक रुसतील, पण त्या सेंटिमीटरचे पैसे प्रेक्षक आणण्यासाठी आहेत. जाहिरात एकाच दिवशी मोठी देण्यापेक्षा लहान आकारात तीनदा द्यावी : आधीच्या रविवारी, दोन दिवस आधी आणि प्रयोगाच्या दिवशी. प्रयोगाच्या दिवशी 'आज' हा शब्द ठळक.

या बाबतीत मला झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं, फार कौतुक आहे. वडसा-देसाईगंजच्या नाट्य मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालणारे प्रयोग करतात, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि मंडई (गावची जत्रा) यांच्या निमित्ताने. तिथल्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गावात भोंगा लावलेली गाडी फिरते आणि नाटकाचं नाव, गाव, तारीख, तिकीट एवढंच पुन्हा पुन्हा सांगते. शेतात निंदण करणाऱ्या बाईलाही ते काम करता करता ऐकून लक्षात राहतं. नागपूरच्या हौशी मंडळींनी आपली चौकट छापायला देण्याआधी मोठ्याने वाचून बघावी. एका श्वासात समजली तर ती बरोबर.

छापून आल्यावर

सकाळी सर्वांत आधी स्वतःची जाहिरात वाचा. चूक दैनिकाची असेल तर त्याच दिवशी पावती, सही केलेलं प्रूफ आणि अंक घेऊन काउंटर गाठा, पुन्हा छापून मागा. आठवड्याने गेलात तर बोलणंच संपतं.

फोनसाठी एक वही ठेवा. नाव, वेळ, काय विचारलं आणि "कुठे वाचलंत?" याचं उत्तर. दोन दैनिकांत जाहिरात दिली असेल तर पुढच्या वेळी कोणतं सोडायचं ते वहीच सांगते. तीन जणांनी एकच प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर मजकुरात नव्हतं असं समजा आणि पुढच्या छपाईत एखादं विशेषण काढून ते घाला. फोन घेणारी व्यक्ती घरी असेल तीच वेळ छापा. मुलगा कंपनीत आणि नंबर मुलाचा, मग आई घरी वाट बघते आणि फोन मीटिंगमध्ये वाजतो.

सावधगिरीचंही सांगतो. घर न बघताच "मी फौजेत आहे, डिपॉझिट लगेच पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा फोन आला की ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर झाला की ते पुढच्या खात्यांत सरकतात. छोट्या जाहिराती वाचून नोकरी शोधणाऱ्या मुला-मुलींनीही लक्षात ठेवा : नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे, युनिफॉर्मचं डिपॉझिट आधी मागणारी नोकरी ही नोकरी नव्हे. 'छतावर मोबाइल टॉवर लावा, लाखो रुपये किराया मिळवा' या जाहिरातींबद्दल तर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, वेळोवेळी सावध केलं आहे. छापून आलं म्हणजे दैनिकाने तपासून घेतलं, असं होत नाही. छोट्या जाहिरातींच्या पानावर तशी सूचनाही बारीक अक्षरात असते, ती वाचा.

घर गेलं, सायकल विकली, पद भरलं, की त्याच दिवशी काउंटरला कळवून उरलेल्या दिवसांची जाहिरात थांबवा. पैसे परत मिळतील की नाही ते पावतीच्या मागे लिहिलेलं असतं. नाही मिळाले तरी थांबवा. नरखेड-काटोलहून सकाळच्या एसटीने खोली बघायला निघालेल्या पोराने बर्डीला उतरून फोन करावा आणि "खोली कालच गेली" असं ऐकावं, ही पायपीट एका फोनने वाचते.